लसीनंतर कुत्र्याच्या पिल्लाच्या मानेवर गाठ आलीये? आधी हे वाचा

लस दिल्यावर एक-दोन दिवसांनी आमच्या क्लिनिकला सगळ्यात जास्त फोन येतात ते याचसाठी, की अंगावरून हात फिरवताना मानेच्या मागे किंवा खांद्यापाशी काहीतरी टणक लागतंय. बहुतेक वेळा काळजी करण्यासारखं काही नसतं. लस कातडीखाली टोचली की तिथे शरीराची प्रतिकारशक्ती कामाला लागते, थोडी सूज येते आणि तीच हाताला गाठ म्हणून लागते. रेबीज आणि लेप्टोच्या लसी मेलेल्या जंतूंपासून बनवतात, त्यातल्या बऱ्याच लसींत असर वाढवायला अ‍ॅल्युमिनियमचा क्षार घातलेला असतो, म्हणून त्यांच्यानंतर गाठ जरा जास्त दिसते. लस खराब होती किंवा सुई चुकली असं लगेच समजू नका.

गाठ बघायची कशी, तर पिल्लू शांत असताना दोन बोटांनी तिथली कातडी हलकेच उचला. साधी गाठ वाटाण्याएवढी किंवा थोडी मोठी, टणक असते, कातडीबरोबर सरकते आणि दाबलं तरी पिल्लू फारसं कुरकुरत नाही. पहिले एक-दोन दिवस थोडं दुखेल, पिल्लू सुस्त राहील, जेवण कमी करेल, अंग किंचित गरम लागेल, तेवढं चालतं. गाठ साधारण दोन-तीन आठवड्यांत जिरते, कधी महिनाही लागतो.

चोळू नका, पिळू नका, सारखं दाबून बघू नका (घरातली लहान मुलं हमखास हे करतात). पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळून थंड शेक दिला तरी पुरे. आणि कृपा करून आपल्या डब्यातली गोळी देऊ नका, आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषासारखं आहे आणि पॅरासिटामॉलही मनाने द्यायची गोष्ट नाही.

गाठ गरम, लाल, मऊ होत चालली, पू किंवा पाणी आलं, हात लावला की पिल्लू ओरडतंय, तर आत पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी घेऊन या. तोंड-डोळे सुजणं, अंगावर गांध्या, सारख्या उलट्या, धाप, हिरड्या पांढऱ्या पडणं हे मात्र गाठीचं प्रकरणच नाही, ही अ‍ॅलर्जी आहे आणि ती बहुतेकदा लसीनंतर काही मिनिटांत ते काही तासांत दिसते. तेव्हा फोनवर वेळ घालवू नका, जो दवाखाना जवळ असेल तिथे पळा.

गाठ तीन महिने राहिली, 2 सेंमीपेक्षा मोठी झाली किंवा लसीला महिना उलटल्यावरही वाढतेय, यातलं एक जरी असलं तरी आम्ही तपासून सुईने नमुना घेतो. हा नियम मुळात मांजरांसाठी आहे, कारण त्यांच्यात लसीच्या जागी क्वचित कॅन्सरची गाठ होते. कुत्र्यांत ते फारच दुर्मिळ, पण लक्षात ठेवायला सोपा म्हणून पिल्लांनाही तोच लावतो.

गाठ आली म्हणून पुढचा डोस चुकवू नका. पिल्लांचे डोस 16 आठवडे वयापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लागतात आणि मधे मोठा खंड पडला तर पार्व्हो, डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांना मोकळं रान मिळतं. फक्त येताना आधीची गाठ कुठे आली होती ते सांगा, पुढची सुई आम्ही दुसऱ्या बाजूला देऊ आणि लसीच्या कार्डावर तशी नोंद करू. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवणार असाल तर केस बाजूला करून गाठीशेजारी मोजपट्टी धरा, नुसत्या केसांच्या फोटोवरून आम्हाला काहीच कळत नाही.