वेबचित्रांचे रंग-ऑप्टिमायझेशन

वेबपानावरच्या चित्राचे रंग डोळ्याला खटकणार नाहीत इतपत राखून फाइलचा आकार कमी करणे, आणि चित्र शेवटी कसे दिसेल ते प्रिव्ह्यूमध्ये आधीच तपासणे, या कामाला रंग-ऑप्टिमायझेशन म्हणतात. कोकणात होमस्टे चालवणाऱ्यांना आणि हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणाऱ्या बागायतदारांना ते रोज लागते. इथल्या फोटोंत हमखास येणारे रंग, म्हणजे जांभ्याचा लाल, पिकल्या आंब्याचा केशरी आणि मावळतीचे आकाश, नेमके तेच आहेत जिथे फाइल लहान करताना खोट पटकन उघडी पडते.

सुरुवातीच्या वेबवर रंगांचीच टंचाई होती. १९८७ साली आलेल्या जीआयएफ या चित्र-फाइलीच्या प्रकारात एका चित्राला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात. त्या काळच्या अनेक पडद्यांचीही मर्यादा तेवढीच असल्याने लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी ६ पायऱ्या धरून २१६ ‘वेबसेफ’ रंगांचा तक्ता रूढ झाला. आज पडदे १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग दाखवतात, त्यामुळे त्या तक्त्याला ऐतिहासिक महत्त्वच उरले आहे. मर्यादित पॅलेटची, म्हणजे मोजक्या रंगांच्या यादीची, कल्पना मात्र अजून उपयोगी आहे.

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, हे तिचे चांगले उदाहरण. दशावतारी गंजिफेच्या संचात १२० गोल पाने असतात आणि अवताराप्रमाणे पानाची जमीन वेगळ्या रंगाची असते. सपाट रंग आणि ठसठशीत रेषा असलेल्या अशा चित्राला पॅलेटवाला पीएनजी हा फाइलप्रकार शोभतो. प्रत्येक पिक्सेलसाठी तीन बाइटऐवजी पॅलेटमधला एक क्रमांक, म्हणजे एकच बाइट पुरतो, आणि सलग रंग असल्याने पुढचे आकुंचनही जोरात होते. पॅलेट २५६ वरून ६४ किंवा ३२ वर आणत प्रिव्ह्यू बघावा. हाताने रंगवलेल्या पानावर ब्रशच्या छटा असतात, त्या पुसल्या जाऊ लागल्या की थांबावे. खरी अडचण गोल कडेची. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण अपारदर्शक, त्यामुळे रंगीत पार्श्वभूमीवर पान ठेवले की कड दातेरी दिसते किंवा तिच्याभोवती पांढुरकी किनार उमटते. पीएनजीमध्ये अर्धपारदर्शक पिक्सेल चालतात, म्हणून कड स्वच्छ येते. ही खोट पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिसतच नाही, तेव्हा प्रिव्ह्यू वेबपानाच्या खऱ्या रंगावरच घ्यायला हवा.

फोटोचा मामला उलटा आहे. वेंगुर्ल्याच्या सूर्यास्ताला २५६ रंगांत कोंबले तर आकाशात पट्टे पडतात. याला बँडिंग म्हणतात. शेजारशेजारच्या पिक्सेलांत दोन रंग विखरून मधली छटा भासवण्याची युक्ती म्हणजे डिदरिंग. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ची पद्धत त्यात सर्वांत प्रसिद्ध. पट्टे त्याने विरतात, पण सलगपणा मोडल्यामुळे फाइल फुगते. फोटोला जेपेग, वेबपी किंवा अव्हिफ हे फाइलप्रकारच वापरावेत.

जेपेग उजेडाची आणि रंगाची माहिती वेगळी करते. डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून बहुधा २×२ पिक्सेलांच्या चौकोनाला मिळून रंगाची एकच नोंद ठेवली जाते. समुद्राच्या पाण्यात हे कळत नाही. निळ्या आकाशापुढे उभ्या जांभ्याच्या गडग्याची (दगडी कुंपणाची) कड मात्र मळकट होते, आणि लाल अक्षरांच्या जाहिरातीत तर ते लगेच नजरेत भरते. अशा चित्रासाठी ही काटछाट बंद करावी. फाइल थोडी वाढली तरी चालेल.

आंब्याचा रंग फिका दिसतो त्याचे कारण पुष्कळदा वेगळेच असते. वेबवर प्रोफाइल (फाइलमधल्या आकड्यांचा नेमका रंग सांगणारी नोंद) नसलेले चित्र सहसा एसआरजीबी या १९९६ साली मांडलेल्या रंगमानाने वाचले जाते. फोटो अ‍ॅडोबी आरजीबी किंवा डिस्प्ले पी३ या अधिक रंग सामावणाऱ्या रंगमानांत काढलेला असेल आणि आकार घटवताना त्याचे प्रोफाइल गळून पडले, तर तेच आकडे एसआरजीबी समजून दाखवले जातात आणि केशरी रंग निस्तेज होतो. आधी एसआरजीबीत रूपांतर, मग प्रोफाइल काढणे, हा क्रम चुकवू नये. पेटीच्या छापील लेबलासाठी केलेली सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या हिशोबातली) फाइल तशीच वेबवर चढवणे हीदेखील नेहमीची चूक.

१९९९च्या फोटोशॉप ५.५मध्ये ‘सेव्ह फॉर वेब’ आले. मूळ चित्र आणि वेगवेगळ्या सेटिंगच्या आवृत्त्या शेजारी ठेवून प्रत्येकीचा आकार तिथे बघता येई. आज गुगलच्या स्क्वूश या वेब-साधनात मधली पट्टी सरकवून हीच तुलना ब्राउझरात होते. तरीही संगणकावरचा प्रिव्ह्यू पुरेसा नाही. पाहुणे खोली बुक करतात ती फोनवर, आणि त्या फोनचा पडदा उन्हात झाकोळलेला किंवा नाइट मोडने पिवळा पडलेला असू शकतो. तारकर्लीच्या फिकट वाळूवर पांढरी अक्षरे घातलेला बॅनर तिथे वाचताच येत नाही. वेब सुलभतेचे निकष साध्या मजकुरासाठी ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातले प्रमाण, मागतात.

रंग कमी करण्याआधी चित्राची लांबी-रुंदी कमी करावी. ४०००×३००० पिक्सेलांचा फोटो १२०० रुंदीवर आणला की पिक्सेल अकरापटीने घटतात. एवढी बचत क्वालिटीची पट्टी ओढून क्वचितच होते. मूळ फाइल वेगळी जपावी, कारण जेपेग बदलून पुन्हा सेव्ह करताना दर वेळी काही तपशील जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेले चित्र आधीच दाबलेले असते. ग्राहकाकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, असे सांगावे.