पूर्व जर्मनीतील सरकारी डोपिंग

पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीने खेळाडूंना उत्तेजक द्रव्ये देण्यासाठी राबवलेला गुप्त कार्यक्रम. ही औषधे आधीपासून वापरात होती. १९७४ मध्ये ‘राज्य योजना १४.२५’ या नावाखाली ती सरकारी कारभाराचाच भाग झाली. मुख्य औषध ओरल-ट्युरिनाबॉल, येनाफार्म या सरकारी कारखान्यातले. पुरुषी संप्रेरकासारखे काम करणाऱ्या या स्टेरॉइडचा गुण मुलींमध्ये सर्वाधिक दिसे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला जलतरणातील १३ पैकी ११ सुवर्णपदके या छोट्या देशाने पटकावली.

उत्तेजकांची चर्चा बहुधा फसवणुकीपाशी थांबते. ती फसवणूक होतीच. माँट्रियलमध्ये अमेरिकेच्या शर्ली बाबाशॉफने उघड शंका घेतली, तर वृत्तपत्रांनी तिलाच तुसडी ठरवले. पण इथला सर्वांत गंभीर अपराध खेळाडूंच्या संमतीशी निगडित आहे. गोळ्या घेणाऱ्यांत १३-१४ वर्षांच्या मुलीही होत्या. प्रशिक्षक ‘जीवनसत्त्वे’ म्हणून गोळ्या हातावर ठेवत आणि मुली विश्वासाने गिळत. आवाज घोगरा होणे, अंगावर केस वाढणे, पाळी बिघडणे, यकृताचे विकार हे सारे डॉक्टरांना ठाऊक होते. नोंदी त्यांनीच ठेवल्या होत्या. परदेशी स्पर्धेपूर्वी क्राइशा गावातील उत्तेजक-चाचणीच्या प्रयोगशाळेत लघवी तपासत आणि अंश सापडला तर खेळाडूला घरी ठेवत. चोरी पकडण्याची यंत्रणा अशी चोरी लपवण्याच्या कामी आली.

सज्ञान खेळाडूने धोका समजून औषध घेतले तर बिघडले कुठे, असे काही अभ्यासक विचारतात. पोहणे किंवा जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात कारकीर्द सज्ञान होण्याआधीच घडते. संघातली जागा प्रशिक्षकाच्या हाती असताना मुलगी नकार देणार कशी? आजच्या जागतिक नियमांत शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी प्रथम खेळाडूवरच येते. स्पर्धा निर्मळ राखायला हे आवश्यक आहे. खरा दोषी शोधायला मात्र ते अपुरे पडते.

बर्लिनची भिंत पडल्यावर जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके आणि माजी थाळीफेकपटू ब्रिगिटे बेरेंडोंक यांनी गुप्त कागदपत्रे मिळवून हा प्रकार उघड केला. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने माजी क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना दोषी धरले. शिक्षा २२ महिन्यांची, तीही स्थगित. २००२ च्या कायद्यान्वये पात्र पीडितांना प्रत्येकी सुमारे १०,४०० युरो मिळाले. माँट्रियलच्या पदकांचे फेरवाटप करण्यास आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने नकार दिला.