कांदेबागेत कांदा नसतो

रावेर-यावल पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेल्या केळीला कांदेबाग म्हणतात, पावसाच्या तोंडावर लावलेलीला मृगबाग. घड कापून झाल्यावर पिलांवर धरलेली ती पिलबाग. आमच्याकडे शाळकरी पोरालाही हे सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरला सांगावं लागतं, नाहीतर तो कांदेबाग खुशाल कांद्याच्या पिकात घालतो.

कोणती गोष्ट कशात मोडते, कशाचा भाग आहे, कोणता रोग कशामुळे होतो, हे यंत्राला त्यावरून तर्क करता येईल इतक्या काटेकोरपणे मांडलं की त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. ती लिहायची 'आऊल' ही भाषा २००४ साली प्रमाणित झाली, २००९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. लिहिण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं प्रोटेजे हे सॉफ्टवेअर बरेच जण वापरतात. मीही जळगावात बसून त्यातच केळीच्या शब्दांची मांडणी करते आहे.

माझी स्वतःची फाइल छोटी होती. पण केळीच्या जाती, करप्याची बुरशी, सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) या रोगाचा विषाणू यांची शास्त्रीय नावं हवीत म्हणून मी जीवसृष्टीच्या वर्गीकरणाची अख्खी ऑन्टॉलॉजी जोडली. तिच्यात वीस लाखांहून जास्त वर्ग, म्हणजे एकेका प्रकारच्या गोष्टींचे गट, आहेत. मे महिन्याची दुपार, पंखा गरम वारा फेकतोय. फाइल उघडायला लावली, जेवून आले, तरी किती काम झालं ते दाखवणारी पट्टी जागची हललेली नव्हती. ज्याला विचारावं तो म्हणे, नवा कॉम्प्युटर घे. मला ते पटलं नाही. वेळ नेमका कुठे जातो ते आधी बघायला हवं होतं.

एक साधं वाक्य घेऊ: प्रत्येक फणी कुठल्या तरी घडाचा भाग असते. माणसासाठी हे एक वाक्य आहे. पण ऑन्टॉलॉजी ज्या आरडीएफ रूपात साठवतात, त्यात प्रत्येक विधान तीनच शब्दांचं असावं लागतं: कोण, कोणतं नातं, कोणाशी. म्हणून या वाक्याचे चार तुकडे होतात. फणी ही एका निनावी वर्गाचा उपवर्ग आहे. तो निनावी वर्ग म्हणजे एक अट आहे. ती अट 'भाग असणे' या नात्यावर आहे. आणि त्या नात्याच्या पलीकडच्या टोकाला घड आहे. फाइल उघडताना सॉफ्टवेअरला हे चारही तुकडे गोळा करून त्यांतून मूळ वाक्य पुन्हा जुळवावं लागतं, आणि तुकडे फाइलमध्ये शेजारीशेजारीच असतील याची खात्री नसते. एकाचं काही वाटत नाही. लाखो वाक्यांचं झालं की मिनिटं जातात. तीच ऑन्टॉलॉजी 'फंक्शनल' नावाच्या मांडणीत साठवली तर पूर्ण वाक्य सलग एका जागी राहतं आणि जुळवाजुळव वाचते. वाक्याच्या अर्थामध्ये तसूभरही फरक पडत नाही. सेव्ह करताना फक्त प्रकार बदलायचा.

दुसरी जागा मेमरीची. प्रोटेजे जावा या प्रणालीवर चालतं आणि जावाला किती मेमरी वापरू द्यायची याची मर्यादा आधीच ठरलेली असते. मशीनमध्ये सोळा जीबी असली तरी मर्यादा कमी असेल तर बाकीची पडून राहते. ठरलेली जागा भरत आली की जावा नको असलेलं काढून जागा करू लागतं. काठोकाठ भरली की सगळा वेळ या साफसफाईतच जातो आणि वाचन जवळजवळ थांबतं. सेटिंगच्या फाइलमधला एक आकडा वाढवला की हा ताण जातो. नवा कॉम्प्युटर घेऊनही तो आकडा तसाच राहिला असता तर माझी फाइल तिथेच अडली असती.

जोडलेल्या ऑन्टॉलॉजी दर वेळी इंटरनेटवरून खाली उतरत असतील तर त्यांची प्रत आपल्याकडे ठेवावी आणि कॅटलॉगच्या फाइलमध्ये तिचा पत्ता द्यावा. वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचं असलेल्या गावात तर हे पहिल्या दिवशीच करावं.

फाइल उघडल्यावर तर्क चालवणारा भाग, म्हणजे रीझनर, निवडतानाही भान हवं. हर्मिट नावाचा रीझनर आऊलची सगळी ताकद पेलतो, पण मोठ्या ऑन्टॉलॉजीवर दमतो. एल्क नावाचा दुसरा रीझनर आऊल भाषेच्या एका आटोपशीर भागापुरताच चालतो. त्या बदल्यात साडेतीन लाखांवर संकल्पना असलेली स्नोमेड सीटी ही वैद्यकीय ऑन्टॉलॉजी काही सेकंदांत लावून देतो.

हे सगळं केल्यावर माझी फाइल उघडू लागली, तरी हाताला जडच होती. खरा फरक पडला तो वेगळ्याच प्रश्नाने: वीस लाख वर्ग मला हवेत कशाला? मला हवं होतं केळीचं मुसा हे नाव आणि बोटांवर मोजण्याइतके रोग-किडी. मग फक्त त्यांच्यापासून वर जाणारी साखळी काढून घेतली: मुसा वंश, मुसेसी कुळ, झिंजिबरेलीस गण (आलं आणि हळदही याच गणातली), असं करत थेट मुळापर्यंत. बाकीची जीवसृष्टी मागे राहिली.

असा तुकडा डोळ्यांच्या अंदाजाने कापला तर एखादं महत्त्वाचं नातं सुटण्याची भीती असते. बर्नार्डो कुएन्का ग्राऊ, इयन हॉरॉक्स, येव्हगेनी कझाकोव्ह आणि उलरिके सॅटलर यांनी २००८ सालच्या निबंधात यावर पक्की पद्धत मांडली. आपण शब्दांची यादी द्यायची. त्या शब्दांबद्दल मोठ्या ऑन्टॉलॉजीतून जे काही सिद्ध होतं, ते सगळं कापलेल्या तुकड्यातूनही सिद्ध होईल, याची गणिती हमी मिळते. मला या विषयातलं हे सगळ्यात सुंदर काम वाटतं. रोबोट नावाच्या मोफत साधनात ही कापणी एका आज्ञेत होते. वर्गांचे मूळ ओळखक्रमांक तसेच राहतात, त्यामुळे माझी केळी जगातल्या इतर संशोधकांच्या केळीशी जोडलेलीच राहते.

मूळ ऑन्टॉलॉजी मात्र सुधारत राहते आणि आपला तुकडा जुना होतो. म्हणून तुकडा हाताने दुरुस्त करायचा नाही. जपायची ती शब्दांची यादी, आणि नवी आवृत्ती आली की तिच्यावरून पुन्हा कापायचं. परवा यादीत केळीच्या खोडात शिरणारा सोंडकिडा घातला, आज्ञा पुन्हा चालवली, फाइल उघडली. पट्टी दिसायच्या आतच पूर्ण झाली होती.