घरावर झुकलेलं झाड कापायचंय? गोव्यात परवानगी कशी काढाल

पावसाळा तोंडावर आला की वाड्यावाड्यांवर एकच विषय: छपरावर झुकलेला आंबा, नाहीतर विजेच्या तारेला टेकलेली चिंच. ‘झाड माझं, भाट (बागायती जमीन) माझं, परवानगी कसली?’ असं म्हणणाऱ्यांना गोव्याचा १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आडवा येतो. खाजगी जमिनीतलं झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि ‘तोडणं’ म्हणजे नुसतं बुंध्यावर करवत चालवणं नव्हे. फांद्या छाटणं, बुंध्याची साल गोलाकार काढणं, मुळाशी औषध ओतणं, जाळणं, हे सगळं त्यात आलं. रात्री गुपचूप साल सोलून ‘झाड आपोआप सुकलं’ म्हणणाऱ्यांचा विचार कायद्याने आधीच करून ठेवलाय.

माडाबद्दल, म्हणजे नारळाच्या झाडाबद्दल, अजून गोंधळ आहे. २०१६ च्या दुरुस्तीने माड ‘झाड’ या व्याख्येतून बाहेर गेला, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि पुढे त्याला परत संरक्षण देऊन राज्यवृक्षही केलं. तेव्हा कुणाच्या जुन्या सांगण्यावर माड आडवा करू नका.

अर्ज वन खात्याकडे करायचा. उत्तर गोव्याचं विभागीय कार्यालय फोंड्याला, दक्षिणेचं मडगावला. अर्जात झाडाची जात, संख्या, बुंध्याचा घेर आणि कारण स्पष्ट लिहा. ‘अडचण होते’ एवढ्यावर भागत नाही. कुठली फांदी कुठल्या छपरावर आहे ते सांगा, फोटो जोडा. सोबत जागेच्या मालकीचे कागद लागतात: एक-चौदाचा उतारा (गावातल्या जमिनीच्या हक्काची नोंद) आणि सर्व्हे प्लॅन. शहरात एक-चौदाऐवजी सिटी सर्व्हेचा उतारा.

खरी गाडी अडते ती इथेच. उताऱ्यावर आजोबांचं नाव, वारस चार, त्यातला एक लिस्बनला. सहमालकांचा ना हरकत दाखला आधी गोळा करा. झाड कुणाचं हा वाद उभा राहिला की फाईल पडून राहते. जमीन कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असेल तर कोमुनिदादशी, आणि तुम्ही मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे असाल तर भाटकाराशी (जमीनमालकाशी) आधी बोलून घ्या. हाउसिंग सोसायटीत एकट्याने अर्ज करण्यापेक्षा सभेचा ठराव जोडलेला बरा.

पुढे वनरक्षक किंवा रेंज फॉरेस्ट ऑफिसर येऊन पाहणी करतो. त्या दिवशी घरी थांबा. मेलेलं, किडलेलं, वाऱ्याने पडलेलं किंवा जिवाला-मालमत्तेला धोका असलेलं झाड असेल तर परवानगी मिळणं सोपं जातं. त्या बदल्यात नवी झाडं लावायची अट असते, अनामतही भरावी लागू शकते. पावती जपून ठेवा.

धोका अगदी डोक्यावर असेल तर? झाड लगेच न तोडल्यास जीव, मालमत्ता किंवा रहदारीला गंभीर धोका होईल अशा वेळी मालक आधी तोडू शकतो, पण २४ तासांच्या आत वृक्ष अधिकाऱ्याला कळवणं भाग आहे. तोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, नंतर तोंडी पटवत बसू नका. शेजाऱ्याचंच झाड तुमच्या घरावर आलं असेल आणि तो ऐकत नसेल, तर तक्रार उपजिल्हाधिकाऱ्यांकडे करा.

परवानगीत जेवढी झाडं लिहिली आहेत तेवढीच तोडा. लाकूड बाहेर न्यायचं असेल तर ट्रक बोलावण्याआधी वाहतूक पासाबद्दल त्याच कार्यालयात विचारा.