आमवातात ‘किती दुखतंय’ हे वेगळं आणि सांधा किती खराब झालाय ते वेगळं

‘आता दुखत नाही, मग मेथोट्रेक्झेट (आमवात आटोक्यात ठेवणारं औषध) कशाला’ आणि ‘एवढं दुखतंय म्हणजे सांधे गेलेच’, ही दोन्ही वाक्यं इतक्यांदा ऐकली की आता लिहूनच टाकते.

दुखणं तुम्हाला समजावून सांगायला नको. डॉक्टर शून्य ते दहामधला आकडा विचारतात, सकाळी बोटं किती वेळ आखडतात, बटणं लावता येतात का ते विचारतात. तो आकडा खराच असतो, ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचा मला भयंकर राग येतो. फक्त त्यात झोप, थकवा, टेन्शन सगळं मिसळलेलं असतं.

नुकसान एक्स-रेवर दिसतं. हाडाच्या कडेला खाच पडते, दोन हाडांमधली फट कमी होते, आणि पडलेली खाच सहसा भरून येत नाही.

खरा घोळ सुरुवातीच्या वर्ष-दोन वर्षांत होतो. तेव्हा मूठ वळत नाही, बरणीचं झाकण उघडत नाही, पण ते बहुतेक सुजेमुळे, सूज उतरली की हात परत चालायला लागतो, म्हणजे जीव नकोसा झालेला असतानाही एक्स-रे साफ असू शकतो. उलट पेनकिलरने दुखणं दबतं पण सांध्याच्या अस्तराची सूज आत चालूच राहते, आणि हाड कुरतडते ती हीच सूज. डेनोसुमॅब नावाचं हाडांचं इंजेक्शन आहे, अभ्यासांत त्याने आमवातातल्या खाचा वाढायचं प्रमाण कमी झालं, पण दुखणं आणि सूज होती तशीच राहिली!

पुढचं नुकसान ओळखायला सुजलेले सांधे, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), अँटी-सीसीपी (आमवातात सापडणारी रक्तातली अँटिबॉडी) जास्त कामाचे. सांधे हाताने दाबून न बघता नुसतं ‘कसं वाटतंय’ विचारून गोळ्या लिहिल्या तर ती तपासणी मी अर्धवटच म्हणेन. आणि मोजे काढून पाय दाखवाच. नेहमीच्या २८ सांध्यांच्या मोजणीत पावलं धरतच नाहीत, आणि पहिली खाच कित्येकदा पायाच्या करंगळीच्या मुळाशी सापडते. हातांचा एक्स-रे काढताय तर पायांचाही काढून घ्या.

सूज नाही, सीआरपी नॉर्मल, तरी आकडा चढलेलाच, असंही खूप जणांचं होतं. रोग आटोक्यात आला म्हणायला डॉक्टरांच्या संघटनांच्या २०११ च्या निकषांत पेशंटने आपल्या एकूण त्रासाला दिलेला आकडा दहापैकी १ च्या वर चालत नव्हता, २०२२ साली ती मर्यादा २ केली. सूज नसताना आकडा चढलेला असेल तर औषध वाढवण्याआधी झोपेचं, फायब्रोमायाल्जियाचं (सूज नसताना अंगभर दुखत राहणारा आजार) डॉक्टरांशी बोला, आणि दुखणं गेलं म्हणून मेथोट्रेक्झेट स्वतःच्या मनाने बंद करू नका.