जड पाणी, मचूळ पाणी आणि गीझरचं बिल

गीझर बिघडला की किनाऱ्यावर निदान ठरलेलं: "पाण्यात क्षार आहेत." या एका शब्दात दोन अगदी वेगळी पाणी कोंबली जातात. जड पाण्यात कॅल्शियम (बोलीभाषेत चुना) आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, मचूळ पाण्यात मुख्यतः साधं मीठ. जड पाणी गीझरमध्ये थर चढवतं, मचूळ पाणी गीझर खातं. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या), जांभ्यात खणलेल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊच असतं, कारण जांभ्यात चुना फारसा उरलेला नसतो. पुळणीतल्या (किनाऱ्यावरच्या वाळूतल्या) विहिरीत शिंपल्यांचा चुना उतरतो, म्हणून तिथलं पाणी जड. खोल कातळातल्या बोअरचंही बरेचदा जडच. खाडीकाठच्या विहिरी मात्र एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. गोडं पाणी हलकं असल्यामुळे जमिनीखाली खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असलेल्या गोड्या पाण्याखाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी टिकतं. पंपाने तो एक फूट उपसला की खालचं खारं चाळीस फूट वर सरकू पाहतं.

ओळखायला यंत्र लागत नाही. वाटीभर पाणी स्टीलच्या ताटलीत मंद आचेवर आटवा. उरलेला पांढरा डाग ओल्या बोटाने सहज निघाला आणि खारट लागला तर मीठ. घासूनही चिकटून राहिला आणि लिंबू पिळल्यावर फसफसला तर चुना. दोन्ही दिसले तर पाणी दोन्ही प्रकारचं आहे, पुळणीलगत हेही होतं. विक्रेते टीडीएस मीटर बुडवून दाखवतात, पण तो आकडा एकूण विरघळलेल्या पदार्थांचा. त्यात चुना किती आणि मीठ किती, हे मीटरला कळत नाही. प्रयोगशाळेत तपासणी केलीत तर एकूण कठीणपणा (जडपणासाठी) आणि क्लोराइड (मिठासाठी) हे दोनच आकडे बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्यांच्या इष्ट मर्यादा लिटरला अनुक्रमे 200 आणि 250 मिलिग्रॅम आहेत.

आता बिलाचं. जड पाणी तापलं की विरघळलेला चुना घट्ट होऊन बाहेर पडतो, आणि 60 अंशांच्या वर हे झपाट्याने होतं. नारळाची सोडणं-करवंट्या घालून पेटवलेल्या बंबात किंवा गॅस गीझरमध्ये हा थर थेट इंधन खातो: उष्णता पाण्यात शिरत नाही, धुराबरोबर वर निघून जाते. विजेच्या गीझरमध्ये एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कांडी, पाण्यातच बुडालेला असतो, त्यामुळे त्याची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. थरामुळे वीज दुप्पट जळते हा समज म्हणून खरा नाही. इथे थर वेगळ्या वाटेने छळतो. एलिमेंट आतून जास्त तापून लवकर जळतो. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा खटका; एलिमेंट आणि त्याची नळी यांच्यामध्ये चुना साचला तर तो वीज आधीच तोडतो, पाणी कोमट राहतं, मग घरचे आकडा वाढवतात आणि थर आणखी वेगाने चढतो. हिशेब सोपा आहे: 15 लिटर पाणी 27 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतं, 2000 वॉटच्या गीझरला सतरा-अठरा मिनिटं. तुमचा गीझर दहा मिनिटांतच तोडून कोमट पाणी देत असेल तर आधी थर तपासा.

थर काढताना एमसीबी (गीझरच्या लाइनचा खटका) बंद करा, पाणी निवू द्या, येणारा कॉक बंद करून टाकी रिकामी करा. फ्लॅंजचे (एलिमेंट बसवलेल्या चकतीचे) नट सोडवून एलिमेंट बाहेर काढा. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून तासभर भिजवा आणि प्लास्टिकच्या ब्रशने घासा. बाथरूमचं अॅसिड नको, ते एलिमेंटचं आवरणही खातं. गॅस्केट (सांध्यातलं रबर) नवीन बसवा, आणि गरम पाण्याच्या नळातून पूर्ण धार येईपर्यंत स्विच लावू नका. कोरडा एलिमेंट लगेच जळतो. मग थर्मोस्टॅट 55 ते 60 वर ठेवा.

मचूळ पाण्यात यातलं काहीच कामाचं नाही. तिथे पहिला बळी अॅनोड रॉड. मॅग्नेशियमचा हा दांडा स्वतः झिजून टाकी वाचवतो, आणि मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहत असल्यामुळे तो भराभर संपतो. वर्षातून दोनदा, मे संपता आणि दिवाळीनंतर, काढून बघा. जाडी निम्मी झाली किंवा मधली तार दिसली की बदला. दांडा संपल्यावर टाकीला भोक पडतं, गळणारं पाणी आतल्या फोममध्ये मुरतं. ओला फोम उष्णता धरत नाही, म्हणून बिल वाढण्याचं हे खरं कारण: गीझरचं बाहेरचं कव्हर कोमट लागतं आणि तो बंद असला तरी पाणी लवकर निवतं. स्टेनलेस स्टीलच्या टाकीलाही जोडाजवळ क्लोराइड लागतं, म्हणून त्यावर निर्धास्त राहू नका. नळाला लाल पाणी आलं तर थंड नळही सोडून बघा. दोन्हीकडे लाल असेल तर ती बहुधा पावसातली जांभ्याची माती, टाकीचा गंज नव्हे.

वॉटर सॉफ्टनर मचूळ पाण्यासाठी विकत घेऊ नका. तो कॅल्शियम घेऊन सोडियम सोडतो, खारटपणा तसाच राहतो. आणि खाडीकाठी गीझरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा खटका) हवाच. फुटलेल्या एलिमेंटमधला प्रवाह खाऱ्या पाण्यातून नळापर्यंत जास्त सहज पोहोचतो.