'सगळं ओरिजिनल' ही भानगड आली कुठून: कोकणातल्या जुन्या स्पोर्ट्स कार आणि त्यांची किंमत

मालवण नाहीतर गुहागर साइडला कुणाच्यातरी मांगरात ताडपत्रीखाली एखादी जुनी टू-सीटर निघते, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो आणि पहिला प्रश्न येतो 'ओरिजिनल आहे का', दुसरा 'किती सांगतोय'. विकणारा छातीठोकपणे म्हणतो, 'सगळां ओरिजिनल आसा.' गंमत म्हणजे हे दोन्ही प्रश्न आपल्याकडे तसे अलीकडचे. आधी कित्येक वर्षं प्रश्न एकच असायचा, चालते का. हे असं का झालं ते कळलं की किंमतीचं गणितही बरंचसं कळतं.

मुळात या गाड्या इथे आल्याच मोजक्या. १९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत गाड्या जोडायची, १९४४ मध्ये वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पण १९५३ मध्ये सरकारने धोरणच बदललं, की इथे पार्ट बनवणार असाल तरच धंदा करा, नुसतं बाहेरून आणून जोडायचं बंद. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. त्यानंतर बाहेरची गाडी म्हणजे लायसन्स, जबर ड्युटी आणि ओळखपाळख. संस्थानिकांच्या गॅरेजमध्ये होत्या त्या होत्या, १९७१ मध्ये तनखे गेल्यावर त्यातल्या बऱ्याच बाजारात आल्या. वकिलातीतल्या लोकांच्या गाड्या ते परत जाताना एसटीसीच्या, म्हणजे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या, मार्फत विकल्या जायच्या. आणि तिसरा रस्ता आपल्या शेजारचा, गोवा.

१९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे, तिथे आयात सोपी, वर ५० च्या दशकात खनिजाचा पैसा खुळखुळत होता, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं गोव्यात मर्सिडीजच्या टॅक्सी धावत होत्या आणि इकडे सावंतवाडीत लोक फियाटसाठी नंबर लावून बसलेले. गोव्याच्या जुन्या गाड्यांना जीडी सिरीज असायची (जीए नंतर आलं, १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाल्यावर). जुन्या आरसी बुकात जीडी नंबर दिसला तर गोव्याची गोष्ट निदान ऐकून घ्यायला हरकत नाही. पण गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याच्या अलीकडे निघालेली प्रत्येक दुसरी गाडी 'पोर्तुगीज टायमाची' असते, तेव्हा मॉडेलचं साल आणि पहिल्या नोंदणीचं साल आधी जुळवून बघा. १९६८ चं मॉडेल पोर्तुगीज काळात कसं आलं असेल ते विकणाऱ्यालाच विचारा.

आता खरी गोम. गाडी आली, पार्ट येईनात. मग मिस्त्री करणार काय, जे मिळतं ते बसवणार. याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे एमजीए. १९५५ मध्ये आलेली ही ब्रिटिश टू-सीटर, १९६२ पर्यंत लाखभर बनल्या. सुरुवातीच्या एमजीएत इंजिन १४८९ सीसीचं, बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजचं. आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये पुढे जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं तेही त्याच बी-सिरीज घराण्यातलं! म्हणजे एमजीएचं इंजिन निकामी झालं की अ‍ॅम्बेसेडरचं उचलून टाकायचं, गाडी पुन्हा रस्त्यावर. बॉनेट उघडल्यावर नवख्याला काही कळत नाही, ब्लॉक तसाच दिसतो. जाणकार आधी कार्बोरेटर मोजतो, एमजीएला एसयू कंपनीचे दोन असायचे, अ‍ॅम्बेसेडरला एक. पण कार्बोरेटर काय, नंतरही लावता येतात, म्हणून मग इंजिन नंबरची पट्टी बघायची. एमजीए १५०० चा नंबर १५जीबी किंवा १५जीडी अशा अक्षरांवरून ओळखू येतो. पट्टीच गायब असेल तर विकणाऱ्याला फार प्रश्न विचारू नका, किंमत कमी करून मागा.

मला स्वतःला हे अ‍ॅम्बेसेडर इंजिन पाप वाटत नाही. त्या मिस्त्रीने ते टाकलं नसतं तर गाडी भंगारात गेली असती आणि आज फोटो काढायलाही उरली नसती. लपवलं तर मात्र फसवणूक.

बाहेरच्या जगातही 'ओरिजिनल'ची व्याख्या सारखी बदलत आलीय. अमेरिकेत पेबल बीचला १९५० मध्ये गाड्यांचं प्रदर्शन सुरू झालं, पुढे जुन्या गाड्यांच्या बाबतीत बरीच वर्षं जी जास्त चकाचक ती भारी असा हिशोब होता, फॅक्टरीतून निघाली त्यापेक्षाही गुळगुळीत रंग, जिथे कधी क्रोम नव्हतं तिथेही क्रोम. ७० च्या दशकात कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारवाल्या क्लबांनी काटेकोर तपासणी सुरू केली, इंजिनावरचा शिक्का चासीच्या नंबरशी जुळतो का वगैरे, आणि 'मॅचिंग नंबर्स' हा शब्द तिथून सगळीकडे गेला. मग ८० च्या शेवटी पैसा आला. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले, फेरारीचे भाव जे सुटले ते सुटलेच आणि १९९० च्या सुमारास धाडकन आपटले. भाव चढले की नकली माल येतो, नंबर पंच करून देणारे येतात, कोर्टकज्जे येतात.

त्यातली एक केस आपल्याला फार कामाची. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन', १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मान्सची शर्यत जिंकलेली गाडी. नंतर तिच्यात इतके बदल झाले, इंजिन बदललं, बॉडी बदलली, १९३२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तिचा जीवघेणा अपघात झाला, त्यानंतर पुन्हा नवी बॉडी, की १९२९ ची म्हणावी अशी वस्तू तिच्यात फारशी उरलीच नव्हती. १ कोटी पाउंडांचा सौदा झाला आणि घेणाऱ्याचं म्हणणं पडलं की ही ती गाडीच नव्हे. १९९० मध्ये लंडनच्या कोर्टाने सांगितलं, तीच आहे, कारण पहिल्या दिवसापासून तिचा इतिहास सलग आहे, मध्ये कधी ती मोडीत निघाली नाही की तिच्या दोन गाड्या झाल्या नाहीत. पुढे फिवा या जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ट्युरिन चार्टरनेही जपणूक आधी, नवं करणं शेवटी, अशीच बाजू घेतली.

कोकणातली गाडी मला याच चष्म्यातून बघावीशी वाटते, कारण इथे सगळे पार्ट मूळचे राहणं जवळपास अशक्यच. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा. गंज दिसतो तिथे नसतोच, तो दाराखालच्या पट्टीच्या आत बसलेला असतो, वर पुट्टी आणि रंग. एमजीएची दारं उघडमीट करून बघा, दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी नसेल तर खालचं लोखंड गेलेलं आणि बॉडी बसलेली असू शकते. आणि हो, लोहचुंबक लावून पुट्टी शोधणाऱ्यांसाठी खास, एमजीएच्या दारांचा पत्रा, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक चिकटत नाही म्हणून 'पुट्टी पुट्टी' करून गळा काढू नका. उलट तिथे चिकटला तर विचार करा. फ्लोअर प्लायवुडचं असतं, कंपनीचंच, ते इथल्या सुताराने कधीच बदललेलं असणार, त्याचं काही वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पोर्श ९११ वाल्यांनी एक लक्षात ठेवावं, त्यांची सगळी बॉडी गॅल्व्हनाइज व्हायला ७० च्या दशकाचा मध्य उजाडला, त्याआधीची किनाऱ्यावर ठेवली असेल तर खाली वाकून बघितल्याशिवाय बोलू नका.

मग उरतात कागद. एमजी, जॅग्वार यांच्या जुन्या नोंदी इंग्लंडात जपलेल्या आहेत, चासी नंबर दिला की फी घेऊन सर्टिफिकेट मिळतं, गाडी कुठल्या तारखेला बनली, रंग कुठला, इंजिन नंबर काय. ते हातात आलं की 'मूळची लालच होती' टाइप गोष्टी तिथेच संपतात. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, ५० वर्षांच्या वरची गाडी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि रोज बाजारहाटाला न्यायची नाही. मेख अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नको ही अटही त्यात आहे, आणि गाडी बघून ठरवते ती राज्याची समिती. अ‍ॅम्बेसेडर इंजिनवाली एमजीए तिथे अडकू शकते, आणि हा अडकण्याचा धोका किंमतीत धरायलाच हवा.

म्हणून गाडीचे फोटो मागायच्या आधी आरसी बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो मागवा, मागच्या पानांसकट. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओच्या शिक्क्यानिशी असेल तर ती गाडी मी 'सगळं ओरिजिनल' म्हणणाऱ्या बिनकागदी गाडीपेक्षा जास्त पैसे देऊन घेईन, मग इंजिन अ‍ॅम्बेसेडरचं का असेना.